मराठीतून हिब्रू

१८३२ हे साल मराठी वाचकाला 'दर्पण'मुळे ठाऊक आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ते पत्र काढले आणि मराठी वृत्तपत्रांचा इतिहास तिथून मोजायची प्रथा पडली. त्याच साली त्याच शहरात आणखी एक मराठी पुस्तक छापून निघाले, त्याची आठवण सहसा कोणी काढत नाही. ते होते हिब्रू भाषेचे मराठीतून समजावलेले प्राथमिक व्याकरण. लिहिणारे जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी. १८२९ साली मुंबईत आलेले आणि पुढे ज्यांच्या नावाने विल्सन कॉलेज झाले ते. पुस्तक होते बेने इस्रायलांसाठी, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंसाठी. दादोबा पांडुरंगांचे गाजलेले मराठी व्याकरण आले १८३६ साली. मराठी मुलाच्या हाती ते पडण्याच्या चार वर्षे आधीच त्याच्यासाठी हिब्रूचे व्याकरण तयार होते. नुसती गंमत म्हणून हे सोडून देता येणार नाही. या पुस्तकापासून १८७५ साली मुंबईत निघालेल्या ज्यू शाळेपर्यंतचा काळ नीट पाहिला, तर एक गोष्ट लख्ख दिसते: बेने इस्रायल मुलाची प्रार्थनेची भाषा हिब्रू होती, पोटाची भाषा हळूहळू इंग्रजी झाली, पण आपण ज्यू आहोत म्हणजे नेमके काय, हे त्याला कळले ते मराठीत. शाळेने हे काम हाती घेतले आणि ते जाणीवपूर्वक केले, असे माझे म्हणणे आहे.

शाळेआधी या समाजाजवळ काय होते, ते आधी पाहावे लागते. अलिबाग, पेण, रेवदंडा या पट्ट्यात तेलाचे घाणे चालवणारी ही माणसे शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. आडनावे गावांवरून पडली: केहीम म्हणजे किहीमचे केहीमकर, राजपुरीचे राजपूरकर, दिव्याचे दिवेकर, अष्टमीचे अष्टमकर. मुलांची सुंता होई, निषिद्ध मासे आणि मांस टाळले जाई, आणि 'शेमा' ही एका देवाची ग्वाही देणारी प्रार्थना प्रत्येक प्रसंगी म्हटली जाई. पण धर्मग्रंथ नव्हते आणि हिब्रू वाचता येणारे जवळजवळ कोणी नव्हते. सणांची नावेही घरगुती मराठी होती: वर्षारंभाचा नव्याचा सण, प्रायश्चित्ताच्या दिवशी दार लावून घरात बसायचा तो दारफाळणीचा सण, शिवाय खिरीचा सण आणि होळीच्या सुमारास येणारा होळीचा सण. अशा समाजात शिकणे म्हणजे आईबरोबर चुलीपाशी आणि बापाबरोबर घाण्यापाशी शिकणे. आचार शाबूत, आधार विस्मृतीत, अशी ती अवस्था होती. मुंबईत आल्यावर १७९६ साली सॅम्युएल दिवेकर या लष्करी अधिकाऱ्याने पहिले सिनेगॉग बांधले, आणि १८२६ च्या सुमारास कोचीनचे ज्यू येऊन प्रार्थना चालवू लागले, शिकवू लागले. तरी प्रार्थना म्हणता येणे वेगळे आणि तिचा अर्थ लागणे वेगळे. कोचीनच्या गुरुजींची मायबोली मल्याळम. त्यांच्याकडून चाल आणि पाठांतर मिळू शकत होते. अर्थ मात्र कोणीतरी मराठीत सांगायला हवा होता.

तो सांगितला मिशनऱ्यांनी, आणि इथे पहिला आक्षेप समोर येतो. १८१३ पासून मुंबईत असलेल्या अमेरिकन मिशनच्या आणि नंतर स्कॉटिश मिशनच्या शाळांत बेने इस्रायल मुले मोठ्या संख्येने जात. जुना करार मराठीत छापला गेला तो मिशनऱ्यांच्या छापखान्यांत. व्याकरण विल्सनचे. मग श्रेय मराठीला आणि समाजाच्या शाळेला का द्यायचे, ते सरळ मिशनला का नको? मिशनऱ्यांचा हेतू लपलेला नव्हता. ज्यू मुलाने मूळ हिब्रू वाचावे, त्यातली भाकिते ताडून पाहावी आणि येशूपाशी यावे, अशी त्यांची अपेक्षा होती. मुले आली, हिब्रू शिकली, जुना करार वाचला आणि घरी गेली. धर्मांतरे अगदी थोडी झाली. म्हणजे ज्या साधनाने समाज विरघळायचा, त्याच साधनाने तो घट्ट झाला. अर्थात मिशनऱ्यांचा यातला वाटा नाकारणे कृतघ्नपणा ठरेल. पण साधन देणारा आणि त्याचा उपयोग ठरवणारा हे दोघे वेगळे होते, हे विसरता कामा नये.

हा फरक नाशिककरांना आपल्याच गावातून पडताळता येतो. १८३२ सालीच चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकला ठाणे मांडले. पुढे १८५० च्या दशकात विल्यम साल्टर प्राइस यांच्या काळात शहराबाहेर शरणपूर वसले. आजही रस्त्याला तेच नाव आहे. गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांवरून ब्रिटिश नौदलाने सोडवलेली आफ्रिकन मुले तिथे ठेवली गेली. त्यांना अक्षरओळख, बायबल, सुतारकी, लोहारकी शिकवली गेली, इंग्रजी नावे दिली गेली. १८६६ साली आफ्रिकेचा शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन शेवटच्या मोहिमेवर निघाला तेव्हा शरणपूरची नऊ मुले त्याच्याबरोबर होती. नंतर जाऊन मिळालेला जेकब वेनराइटही शरणपूरचाच. लिव्हिंग्स्टनच्या मृतदेहाबरोबर तो लंडनपर्यंत गेला. मोहिमेतला दुसरा प्रसिद्ध सोबती चुमा काही काळ मुंबईला खुद्द विल्सनच्या शाळेत होता आणि तिथेच त्याचा बाप्तिस्मा झाला. १८७५ च्या सुमारास प्राइस यांनी मोंबासाजवळ फ्रीअरटाऊन उभारले आणि शरणपूरची बरीच माणसे तिकडे गेली. मिशन एकाच प्रकारचे, काळ एकच, काही बाबतीत माणूससुद्धा एकच, तरी निष्पत्ती इतकी वेगळी कशी? कारण शरणपूरच्या मुलाला शाळा हेच घर, गाव आणि देऊळ होते. त्याची मूळ बोली, आईबाप, सण सगळे जहाजावर चढण्याआधीच तुटलेले. बेने इस्रायल मुलगा मात्र संध्याकाळी आपल्या मोहल्ल्यात परतत होता. तिथे शुक्रवारी दिवा लागत होता आणि जे दिवसा वाचले त्यावर बोलायला त्याच मराठीत बोलणारी माणसे होती. शाळा मुलाला किती बदलते, हे शाळेबाहेर त्याला कोणी धरून ठेवले आहे का यावर ठरते. शरणपूर आणि मुंबईचा इस्रायल मोहल्ला यांच्या तुलनेतून निदान इतके सिद्ध होते.

मिशनच्या शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या मोठ्या माणसांपैकी जोसेफ एझिकेल राजपूरकर हे एक. जन्म १८३४ चा, शिक्षण विल्सनच्या संस्थेत. पुढे ते डेव्हिड ससून यांनी काढलेल्या शाळेत शिक्षक झाले आणि १८६१ पासून सुमारे चाळीस वर्षे तिथे मुख्याध्यापक होते. ही शाळा बगदादी ज्यूंची. बगदादी मुले घरी अरबी बोलत, पैसा आणि प्रतिष्ठा त्यांच्याकडे, आणि कोकणच्या या काळ्यासावळ्या धर्मबंधूंकडे ते बरेचदा जरा वरूनच पाहत. तरी त्यांच्या मुलांना हिब्रू शिकवायला बसला होता एक राजपूरकर. या माणसाने प्रार्थनासंग्रहांचे वीसेक मराठी अनुवाद केले आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक म्हणूनही काम केले. मराठी शिक्षणाच्या इतिहासात चिपळूणकर, आगरकर यांच्यासाठी पानेच्या पाने राखली जातात, ती योग्यच. राजपूरकरांना त्यात एक परिच्छेदही मिळत नाही, याचे मात्र समर्थन करता येत नाही.

राजपूरकरांच्या पिढीने जे वातावरण तयार केले, त्याचा सर्वांत सुंदर पुरावा १८७४ साली पुण्यात विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात छापला गेला. ती होती हगादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री जेवणाच्या पंगतीत वाचायची पोथी. एका बाजूला हिब्रू, दुसऱ्या बाजूला मराठी. याआधी १८४६ साली मुंबईत अशी एक हिब्रू-मराठी हगादा शिळाछापावर निघाली होती, पण पुण्याच्या प्रतीतली चित्रे विशेष आहेत. लुगडे नेसलेल्या बायका बसून पीठ मळताहेत, बेखमीर भाकरी लाटताहेत, भाजताहेत. कोणत्याही मराठी घरात शोभावे असे ते दृश्य आहे आणि तरी ते मिसर देशातून सुटलेल्या पूर्वजांच्या स्मरणाचे आहे. इथे शाळेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की हगादा हा मुळातच मुलांना शिकवण्याचा ग्रंथ. घरातल्या सर्वांत लहान मुलाने ही रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का, असे विचारायचे आणि मोठ्यांनी उत्तर द्यायचे. कडू भाजी का, खमीर का नाही, ते ताटातल्या पदार्थांवर बोट ठेवून सांगायचे. प्रश्न, प्रात्यक्षिक, गोष्ट, गाणे हे सारे त्या एका रात्रीत येते. आजचे शिक्षक ज्याला कृतियुक्त अध्ययन म्हणून प्रशिक्षणवर्गात शिकतात, त्यात याहून फार वेगळे काही नसते. पण मुलाला प्रश्न कळला नाही आणि बापाला उत्तर देता आले नाही, तर हा सारा पाठ घोकंपट्टी होऊन बसतो. शेजारच्या रकान्यातल्या मराठीने तो पाठ जिवंत केला. पुढच्याच वर्षी शाळा निघाली, हा योगायोग म्हणायला मी तयार नाही. घरातल्या त्या एका रात्रीपुरते जे साधले होते, ते वर्षभर साधण्याची भूक समाजाला लागलेली होती.

शाळा काढली हाईम सॅम्युएल केहीमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १८७५ साली. नाव इस्रायली शाळा. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनचे साहाय्य तिला मिळाले. प्राथमिक वर्गांपासून सुरुवात करून ती पुढे हायस्कूल झाली. त्याच १८७५ च्या डिसेंबरात विल्सन मुंबईत वारले. मिशनने लावलेले शिक्षण आता समाजाने स्वतःच्या अंगणात नेले, याची खूण म्हणून या दोन तारखा शेजारी ठेवाव्यात. वर्गात मराठी, हिब्रू आणि इंग्रजी अशा तीन भाषा. शनिवारी शाळा बंद, ज्यू सणांना सुट्टी. एवढ्या एका सोयीचे मोल बाहेरच्याला चटकन कळत नाही. जे मूल शनिवारी इतरांच्या शाळेत गैरहजर राहते, त्याला आपला धर्म दर आठवड्याला हजेरीपटावरची चूक म्हणून भेटतो. आपल्या शाळेत तोच दिवस साऱ्या वर्गाचा असतो. घरी नव्याचा सण म्हणायचे त्याला ग्रंथात रोश हशाना म्हणतात, हे याच वर्गात कळायचे; आणि आजीचा सण आणि पुस्तकातला सण एकच आहेत हे समजणे म्हणजेच त्या विस्मृतीत गेलेल्या आधाराचे परत सापडणे.

हिब्रू लिपी मराठी मुलाला फार परकी वाटावी असे वरवर दिसते. ती उजवीकडून डावीकडे जाते, आणि एका अक्षरावरून दुसऱ्यात जायला बालबोधातली शिरोरेघ नाही. पण बारकाईने पाहिले तर या मुलाची बाजू इंग्रज मुलापेक्षा भक्कम होती. हिब्रूत व्यंजने ओळीत लिहितात आणि स्वर खाली-वर बिंदू-रेघांनी दाखवतात. काना, मात्रा, वेलांटी, उकार गिरवलेल्या मुलाला ही पद्धत समजावून सांगायला नको. हिब्रूतले 'त्सादे' हे अक्षर उच्चारताना इंग्रज अडखळतो. मराठी मुलाच्या तोंडी तो उच्चार चांदणे आणि चूल यांतल्या 'च'मध्ये तयारच असतो. 'ज'चे जहाज आणि जेवण असे दोन उच्चार करणाऱ्या जिभेला हिब्रूचा 'झायिन' जड जात नाही. देवनागरीत हिब्रू प्रार्थना लिहून काढता आल्या आणि ज्यांना लिपी आली नाही त्या बायकापोरांनाही त्या म्हणता आल्या, याचे कारण हेच. मराठी ही इथे नुसती अर्थ सांगणारी भाषा राहिली नाही. ती उच्चाराचीही शाळा झाली.

आता दुसरा आक्षेप, आणि तो आजच्या वाचकाच्या मनात नक्की येईल. धर्माप्रमाणे वेगळी शाळा काढणे म्हणजे मुलांना शेजाऱ्यांपासून तोडणे नाही का? त्या काळची मुंबई पाहिली तर हा आक्षेप एकट्या बेने इस्रायलांवर घेता येत नाही. पारशांची जमशेदजी जीजीभॉय बेनिव्होलंट इन्स्टिट्यूशन १८४९ ची, मुसलमानांची अंजुमन-ए-इस्लाम १८७४ ची. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर खासगी शाळांना सरकारी अनुदान मिळू लागले आणि त्या अनुदानाबरोबर सरकारी अभ्यासक्रम व तपासनीसही आले. अशा व्यवस्थेत समाजाची शाळा ही बंद कोठडी राहू शकत नव्हती. त्याहून मोठे उत्तर समाजाच्या वागण्यात आहे. १८८० साली याच बेने इस्रायलांनी मुंबईत मराठी कीर्तने सुरू केली: टाळ, साकी, दिंडी, ओवी, आणि आख्यान अब्राहामाचे, योसेफाचे किंवा मोशेचे. ज्यांना वेगळेच राहायचे असते ते शेजाऱ्याच्या कीर्तनाचा साज उचलत नाहीत. अभंग ऐकून वाढलेल्या श्रोत्यांना तोरा या धर्मग्रंथातली गोष्ट कशी सांगायची, याचा हा शोध होता, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या प्रौढांसाठी तीच दुसरी शाळा होती.

तिसरा आक्षेप सर्वांत बळकट आहे. या शाळेची खरी ओढ इंग्रजीकडे होती, मराठी हा केवळ नाइलाज, असे म्हणता येते. केहीमकरांनी १८९२ साली समाजाचा इतिहास आणि त्याच्या शिक्षणासाठी आवाहन असे पुस्तक काढले ते इंग्रजीत. त्यांचा मोठा इतिहासग्रंथही इंग्रजीत, १८९७ साली लिहून झालेला आणि १९३७ साली तेल अवीवला छापला गेलेला. रेल्वे, पोस्ट, कस्टम, लष्कर, इस्पितळे या नोकऱ्यांची दारे इंग्रजीनेच उघडत होती. हे सगळे खरे आहे. पण केहीमकरांचे इंग्रजी हे लंडनच्या देणगीदारांशी बोलण्याचे इंग्रजी होते. समाज आपसांत बोलत होता, छापत होता, भांडत होता ते मराठीत. १८७७ च्या 'सत्यप्रकाश'पासून त्याची मराठी नियतकालिके निघत राहिली. इंग्रजीच हवी होती तर राजपूरकरांच्या वीसेक अनुवादांचे गिऱ्हाईक कोण होते? इंग्रजीतले ज्यू प्रार्थनाग्रंथ लंडनहून आयते मागवता आले असते. पण शाळेने इंग्रजी ही शिडी म्हणून दिली आणि मराठी ही जमीन म्हणून ठेवली. पुढे शिडीवर चढलेल्यांना जमीन नकोशी झाली असेल, काहींना झालीच, पण तो दोष शाळेच्या माथी मारता येत नाही.

रेबेका रूबेन यांच्या आयुष्यात ही दोन्ही टोके एकत्र दिसतात. १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत त्या पहिल्या आल्या, मुलींत नव्हे, सगळ्यांत. पुढे इंग्लंडला जाऊन शिकल्या. अशा बाईला त्या काळात कुठेही मोठी जागा मिळाली असती. १९२२ ते १९५० अशी अठ्ठावीस वर्षे त्या इस्रायली शाळेच्या मुख्याध्यापिका राहिल्या. १९३० च्या दशकात सर एली कदूरी यांच्या देणगीनंतर शाळेला त्यांचे नाव मिळाले आणि ती सर एली कदूरी हायस्कूल झाली. बगदादमध्ये जन्मून हाँगकाँग-शांघायला श्रीमंत झालेल्या माणसाचा पैसा कोकणच्या तेल्यांच्या नातवंडांच्या शाळेत आला. बगदादी आणि बेने इस्रायल यांच्यातली जुनी अढी पाहता ही साधी घटना नव्हती. पण शाळेचा कणा देणगीने बनला नाही, तो अशा मुख्याध्यापिकांनी बनवला.

१९४८ नंतर समाज इस्रायलकडे निघाला. स्वातंत्र्याच्या वेळी वीस हजारांच्या घरात असलेले बेने इस्रायल आज भारतात काही हजार उरले आहेत. माझगावची कदूरी शाळा चालू आहे, मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांत, पण तिथली बहुतेक मुले आता मुसलमान आहेत. शाळा तिच्या हेतूत हरली, असा शेवटचा आक्षेप यावरून कोणी घेईल. मला तो मान्य नाही. इस्रायलमध्ये १९६० च्या दशकाच्या आरंभी धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या विवाहांबाबत शंका काढली, तेव्हा या लोकांनी निदर्शने केली, दाद मागितली आणि १९६४ साली पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळवली. आपण कोण हे त्यांना कोणाकडून शिकावे लागले नाही; ते माझगावच्या, पुण्याच्या, अलिबागच्या घरांत आणि वर्गांत शिकून झाले होते. त्याच माणसांनी इस्रायलमध्ये 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले. हिब्रू देशात, हिब्रू येत असताना, मराठीत लिहिण्याची गरज त्यांना वाटली, याहून मोठे प्रगतिपुस्तक कोणत्या प्राथमिक शाळेला मिळणार?

महाराष्ट्र शासनाने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. तो कागदावरचा मान ठीक आहे, पण या शाळेची आणि तिच्याआधीच्या वर्गांची क्रमिक पुस्तके, देवनागरीतले हिब्रू प्रार्थनासंग्रह, शिळाछापाच्या हगादा आज घरोघरी ट्रंकांत पडून आहेत आणि घर बदलताना रद्दीत जात आहेत. ठाणे, पुणे, अलिबाग, मुंबई, नाशिक, कुठेही ज्याच्या घरात असे एखादे पुस्तक असेल त्याने ते विकू नये. जवळच्या सार्वजनिक वाचनालयात किंवा विद्यापीठात नेऊन त्याची प्रत काढून द्यावी. आणि महाराष्ट्रातल्या शिक्षणाचा इतिहास पुन्हा कोणी लिहायला घेतला, तर त्याने १८३२ च्या नोंदीत 'दर्पण'च्या खाली आणखी एक ओळ घालावी.